सॉफ्टवेअर आहे, पण पगार एक्सेलमधूनच निघतो

पत्र, थोडक्यात : चाकण एमआयडीसीत मोटारींचे शीटमेटल पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआर सांभाळते. कायम कामगार १४०, कंत्राटी २१०, स्टाफ ४५. दहा महिन्यांपूर्वी मालकांनी हजेरी, रजा, ओटी (ओव्हरटाइम), पगार असं सगळं एकत्र असलेलं एचआर सॉफ्टवेअर घेतलं. माणशी दरमहा भाडं चालू आहे. प्रत्यक्षात स्टाफमधले लोक त्यावर पगार स्लिप बघतात, तेवढाच त्याचा वापर. कामगार रजेचा कागदी अर्जच देतात, सुपरवायझर ओटीची वही सोडत नाहीत आणि पगाराआधी मला सगळं एक्सेलमध्ये ताडून बघावं लागतं. मालक म्हणतात, ‘लोकांना बदल नकोच असतो. पुढच्या एक तारखेपासून अ‍ॅपवर रजा टाकली नाही तर सरळ गैरहजेरी लावा.’ सॉफ्टवेअरवाले म्हणतात, ट्रेनिंग कमी पडतंय. मला वाटतं, हे काढून एखाद्या मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यावं. काय करू?

उत्तर :

मालकांच्या मते दोष माणसांचा, तुमच्या मते सॉफ्टवेअरचा. मला मात्र तुमच्या पत्रातलं एक्सेलचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडे पगार अजून एक्सेलमधून निघतो, आणि हे प्रेस शॉपमधल्या हेल्परपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅपवर रजा टाकली तरी ती तुमच्या एक्सेलमध्ये चढेपर्यंत खरी नाही. मग जो कामगार कागद लिहून थेट तुमच्या हातात देतो, तो अडाणी की शहाणा? आजच्या व्यवस्थेत तो बरोबर तेच करतोय. सुपरवायझरही ओटीची वही ठेवतो, कारण महिनाअखेरीला वाद झाला तर तुम्ही त्याच्याकडे वहीच मागता.

म्हणजे कंपनीत सॉफ्टवेअर न वापरणारा पहिला विभाग तुमचाच आहे. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. आकडे चुकतात म्हणून तुम्ही ताडून बघता, आणि ते योग्यच आहे. पण आकडे का चुकतात हे शोधण्याऐवजी दहा महिने ते दर महिन्याला हाताने दुरुस्त होत राहिले, त्यामुळे चूक जिथे होती तिथेच राहिली.

अशी सॉफ्टवेअरं लोक का वापरतात आणि का टाळतात, यावर बराच अभ्यास झालेला आहे. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन गोष्टी मांडल्या : याने माझं काम सुधारेल असं माणसाला वाटतं का, आणि हे वापरायला सोपं वाटतं का. २००३ मध्ये वेंकटेश, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्यात आणखी दोन जोडल्या : आजूबाजूच्या, विशेषतः वरच्या माणसांची अपेक्षा, आणि हाताशी असलेली साधनं व मदत. त्यातला एक निष्कर्ष तुमच्या मालकांना जरूर सांगा. वरचा दबाव चालतो तो मुख्यतः सक्तीच्या जागी आणि सुरुवातीच्या काळात. वापराचा अनुभव वाढतो तसा त्याचा जोर ओसरतो, मग ‘यात माझं काय भलं’ एवढंच उरतं. हुकूम काढलात तर दोन महिने आकडे छान दिसतील. तिसऱ्या महिन्यात वह्या परत येतील, फक्त यावेळी ड्रॉवरमध्ये.

आता तुमच्याकडे चूक कुठे होत असावी, ते बघू. पुष्कळ कारखान्यांत सुरुवात तिसऱ्या पाळीपासून होते, तिथेच बघा. कामगार मंगळवारी रात्री १०:५० ला पंच करून, म्हणजे हजेरी मशीनवर नोंद करून, आत येतो, बुधवारी सकाळी ७:१२ ला बाहेर पडतो आणि बुधवारी रात्री १०:५१ ला पुन्हा आत. सॉफ्टवेअरमध्ये दिवस रात्री १२ ला बदलत असेल, तर त्याला मंगळवारी एकच पंच दिसतो, म्हणजे मिसपंच (एक नोंद राहून गेलेली). बुधवारी दोन पंच दिसतात : ७:१२ ला ‘आत’, १०:५१ ला ‘बाहेर’. हिशेब झाला १५ तास ३९ मिनिटं, म्हणजे आठ तास वजा जाता ७ तास ३९ मिनिटं ओटी, तीही दुप्पट दराने! प्रत्यक्षात तो माणूस त्या वेळात घरी झोपला होता. असा एक आकडा पगारात आला की तुम्ही पुढची दोन वर्षं सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवत नाही.

याचा उपाय ट्रेनिंग नाही, सेटिंग आहे. दिवसाची हद्द रात्री १२ ला न ठेवता प्रत्येक पाळीला स्वतःची खिडकी द्यायची. पाळी सुरू होण्याआधी दोन तासांपासून पाळी संपल्यानंतर पाच-सहा तासांपर्यंतचे पंच त्या पाळीचे, आणि पाळी ज्या तारखेला सुरू झाली ती तारीख हजेरीची. दुसरी करून तिसरीला थांबणारे असतील तर सोळा तासांच्या डबल पाळीचा वेगळा नियम हवा, नाहीतर ही खिडकी त्यालाच कापून टाकेल. सोबत साप्ताहिक सुट्टी तपासा. तुमच्या भागात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि ही सॉफ्टवेअरं येतात रविवार धरून. एखाद्या विभागात ती तशीच राहून गेली असेल, तर रविवारी काम करणाऱ्या माणसाला ओटी आणि गुरुवारी घरी असलेल्याला गैरहजेरी लागते.

मशीनकडेही एकदा जाऊन उभ्या राहा. कूलंट, तेल आणि पत्र्याच्या कडा यांनी बोटांचे ठसे झिजतात. सकाळी ६:५५ ला रांग लागली असताना तीन वेळा ‘पुन्हा प्रयत्न करा’ आलं की माणूस न पंचता आत जातो. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवून घ्या, ज्यांचं तरीही जमत नाही त्यांना चेहरा ओळखणारं मशीन किंवा कार्ड द्या. दोन गेट असतील तर दोन्ही मशीनची घड्याळं जुळवा. आणि नेट गेल्यावर पंच मशीनच्या मेमरीत साठतात व नंतर चढतात, हे लक्षात ठेवा. पगाराची हजेरी गोठवण्याआधी प्रत्येक मशीनचा शेवटचा पंच कधी चढला ते बघण्याची सवय हवी. नाहीतर आख्खी पाळी गैरहजर दिसते.

आता सुपरवायझर. त्याला ‘बदल नको’ म्हणणं सोपं आहे, पण त्याची बाजू बघा. पाळी बदलताना त्याच्या डोक्यावर प्रॉडक्शनचे आकडे, रिजेक्शन आणि पुढच्या पाळीला द्यायचा निरोप असतो. त्याच दहा मिनिटांत २५ माणसांची ओटी एकेक उघडून, चार-चार वेळा टिचक्या मारून मंजूर करायची, म्हणजे शंभर टिचक्या. वहीत हेच काम दोन मिनिटांत होतं. त्याला शॉप फ्लोअरवरच्या कॉम्प्युटरवर पाळीची यादी एका पडद्यावर दिसली पाहिजे, ज्यात सगळ्यांना एकदम टिक आणि फक्त अपवाद बदलायचे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय बहुधा असेल. ती कुठे आहे ते कुणी दाखवलेलं नसतं.

दुसरी अडचण तो तोंडाने सांगणार नाही. ‘आज दोन तास थांब, शनिवारी लवकर जा’ हा त्याचा रोजचा व्यवहार आहे. माणसं कमी असताना लाइन चालू ठेवायचं ते त्याच्या हातातलं एकमेव नाणं. सॉफ्टवेअर मंगळवारचे दोन तास ओटीत धरतं किंवा मंजुरी नाही म्हणून सोडून देतं, आणि शनिवारी मात्र हाफ डे लावतं. कामगार चिडतो तो सुपरवायझरवर. या देवाणघेवाणीचं काय करायचं हे कंपनीने ठरवलं पाहिजे, सॉफ्टवेअर ते ठरवू शकत नाही. कायद्याने ज्या तासांची ओटी होते, तिचे पैसेच द्यावे लागतात. त्याखालच्या किरकोळ वेळेसाठी लेखी नियम करा, त्याला मर्यादा घाला आणि तो सिस्टीममध्ये बसवा. नियम न करता वही काढून घेतलीत तर सुपरवायझर दुसरी वही करेल, याची खात्री बाळगा.

कामगारांच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. तुमच्यासारख्या बहुतेक कारखान्यांत मशीनपाशी मोबाइलला बंदी असते, आणि रजा मोबाइलवर टाका म्हणून आपणच सांगतो! शिवाय पडदा इंग्रजीत, आणि अ‍ॅप उघडताच लोकेशनची परवानगी मागतं. त्यावरून ‘कंपनी घरापर्यंत पाळत ठेवते’ ही बातमी एका चहात सगळीकडे पोचते. गेटवर पंच करणाऱ्यांना लोकेशनची गरजच नाही, त्यांच्यासाठी ती बंद करून घ्या. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आता आहे, त्यामुळे गरजेपुरतीच माहिती घेण्याची सवय आत्ताच लावलेली बरी. कॅन्टीनच्या बाहेर एक टचस्क्रीन लावा : नंबर आणि बोट, मराठी व हिंदी, आणि त्यावर तीनच गोष्टी : शिल्लक रजा, रजेचा अर्ज, या महिन्याची हजेरी. शेवटची सर्वांत महत्त्वाची. आपला मिसपंच कामगाराला दुसऱ्याच दिवशी दिसला तर तो लगेच दुरुस्त होतो. पगाराच्या दिवशी दिसला की त्याचं भांडण होतं.

सुरुवातीची शिल्लक रजा चुकीची चढलेली असेल तर बाकी सगळं व्यर्थ. हे काम घाईत झालेलं असतं, कुणीतरी जुन्या कार्डांवरून एका रविवारी आकडे भरलेले असतात. प्रत्येकाला त्याची शिल्लक छापून हातात द्या (नोटीस बोर्डावर लावू नका), हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवा आणि सही घ्या. त्याच चिठ्ठीवर नाव, जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख, यूएएन (पीएफचा क्रमांक), बँक खातंही तपासून घ्या. आपल्याकडे आडनाव आधी की नाव आधी, ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग ‘डी’ने की ‘जी’ने, लग्नानंतर बदललेलं नाव, असल्या गोष्टींवर पीएफच्या नोंदी अडतात. कंत्राटी २१० माणसांचं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती सॉफ्टवेअरबाहेर असतील तर सुपरवायझरकडे वही राहणारच, कारण लाइनवर त्याला दोन्ही प्रकारची माणसं मोजावी लागतात. त्यांची फक्त हजेरी त्याच मशीनवर, ठेकेदाराच्या नावासह घ्या. त्यांच्या रजा मात्र तुमच्या सिस्टीममध्ये मंजूर करू नका. ते ठेकेदाराचं काम आहे. उद्या कंत्राट खरं की नावापुरतं असा वाद निघाला, तर ‘रजा कोण देत होतं’ हा प्रश्न पहिल्या पाचात विचारला जातो.

आता एक्सेल सोडण्याची पद्धत. मागचा एक पूर्ण महिना घ्या, ज्याचा पगार होऊन गेलाय, आणि तो सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढून रुपयाला रुपया जुळवा. सगळे १८५ बघण्याआधी बारा-पंधरा अवघड माणसं निवडा. महिन्याच्या १७ तारखेला रुजू झालेला. मध्येच सोडून गेलेला. डबल पाळी केलेला. फरकाची थकबाकी मिळालेला. अप्रेंटिस कायद्याखालचा मुलगा, ज्याला पीएफ लागत नाही. महिना २४,००० पगाराची महिला कर्मचारी : महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पण सॉफ्टवेअरमध्ये ‘लिंग’ हा रकाना रिकामा असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० खुशाल कापले जातात. ईएसआयची (कामगार विम्याची) २१,००० ची पगारमर्यादा जुलैमध्ये ओलांडलेला कामगार : त्याची वर्गणी सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ती सहामाही संपेपर्यंत, चालूच राहते. सॉफ्टवेअर त्याच महिन्यात ती थांबवत नाही ना, ते बघा. शिवाय ईएसआयचा रुपया नेहमी वर जातो आणि पीएफचा जवळच्या रुपयाला. एकेक रुपयाचे फरक इथून येतात, ते शोधण्यात रात्र घालवू नका.

प्रत्येक फरकापुढे कारण लिहा : सेटिंग, माहिती, की एक्सेलच चुकलं होतं. तिसरं उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा येईल. मग दोन चालू महिने दोन्हीकडे पगार काढा. दोन्ही महिने कारण न सापडलेला एकही फरक उरला नाही, की एक्सेल बंद. खरंच बंद, कॉम्प्युटरवरून हलवून ठेवायचं. सुरुवातीचे महिने निवडताना मार्च-एप्रिल आणि दिवाळी बोनसचा महिना टाळा. सात तारखेच्या आत पगार करायचा असताना असले प्रयोग अंगाशी येतात. आणि फक्त हजेरी, रजा, ओटी, पगार, याच क्रमाने. अप्रेझल, ट्रेनिंग, वाढदिवसाच्या शुभेच्छा हे भाग विकणाऱ्याने दाखवले म्हणून सुरू करायची गरज नाही. एखादा उत्सुक सुपरवायझर बघून त्याच्या एका लाइनवर आधी करा.

एक्सेल सोडणं तुम्हालाही जड जाईल, कारण त्या फाइलीमुळे पगाराच्या आठवड्यात तुमच्याशिवाय पान हलत नाही. ते मोल आहे, पण त्याची किंमत तुम्ही रात्री नऊपर्यंत बसून मोजताय, आणि तुम्ही आजारी पडलात तर पगार कोण काढणार, हा प्रश्न मालकांनाही कधीतरी पडेलच.

मालकांच्या हुकमाबद्दल. माणूस आधी सांगून रजेवर गेला आणि केवळ अ‍ॅपवर नोंद नाही म्हणून पगार कापला, तर तक्रार टिकेल. रजा आणि वेतन हे कायद्याने दिलेले हक्क आहेत. सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस लागते, आणि हा बदल त्यात मोडतो असं युनियन म्हणू शकते. कामगार सल्लागाराला विचारल्याशिवाय असा कागद लावू नका. हुकूम काढायचाच असेल तर तो वरून खाली काढा : मॅनेजरांच्या रजा आधी सिस्टीमवर. आणि मालकांना सकाळी साडेआठला ‘आज हजर किती’ हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर कोण पाठवतं? तो मेसेज बंद करा, त्यांनी तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये बघावा. ज्या दिवशी ते एखाद्या सुपरवायझरला फोन करून विचारतील, ‘सिस्टीममध्ये तुझी सतरा माणसं दिसतात, वीस हवी होती, काय झालं?’, त्या दिवसापासून नोंदी वेळेवर होऊ लागतील.

त्यांना पटवायला एक कायदेशीर कारणही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन आता दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. महिनाअखेरीला गोळा होणाऱ्या वह्यांवर ते शक्यच नाही. भरपगारी रजेची पात्रताही २४० ऐवजी १८० दिवसांवर आली, आणि वेगळे काढलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदल चढलेत का, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

सॉफ्टवेअर बदलायचं की नाही, तेही विक्रेत्याला द्यायच्या याच पत्राने ठरवा. त्यात लिहा : रात्र ओलांडणारी पाळी आमच्याच मागच्या महिन्याच्या पंचांवर नीट चालवून दाखवा, एका पडद्यावर सगळ्यांची मंजुरी दाखवा, मराठी पडदा दाखवा, आणि आम्ही सोडून गेलो तर सगळी माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत देणार ते सांगा. मुदत पंधरा दिवस. पहिल्या किंवा शेवटच्या मुद्द्यावर टाळाटाळ झाली तर खुशाल बदला. पण नाव मोठं म्हणून नको. बरीच मोठी नावं पाच दिवसांच्या आठवड्याच्या, खुर्चीत बसणाऱ्या ऑफिसांसाठी घडलेली आहेत, तिथे तुमची तिसरी पाळी आणि गुरुवार पुन्हा नव्याने समजावत बसावं लागेल. नवीन करारात कंत्राटी माणसांचं माणशी भाडं लागतं का, तेही बघून घ्या. २१० डोक्यांचा प्रश्न आहे.

(हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे एकच पाळी आणि चाळीस-पन्नास माणसं असतील, तर त्यांनी अजून काही विकत घेऊ नये. एक चांगलं हजेरी मशीन आणि नीट ठेवलेली एक्सेल त्यांना पुष्कळ झाली.)

प्रगती मोजायला ‘लॉगिन किती झाले’ हा विक्रेत्याचा आवडता आकडा वापरू नका, तो स्लिप बघूनही वाढतो. दर महिन्याला हाताने केलेल्या दुरुस्त्या मोजा आणि प्रत्येकीपुढे मिसपंच, पाळी चुकीची, मंजुरी उशिरा, रजा कागदावर, यातलं एक कारण लिहा. या महिन्यापासूनच सुरू करा, अगदी एक्सेलमध्ये केलंत तरी चालेल. मालकांकडे जाताना ही यादी सोबत न्या. त्यातल्या किती दुरुस्त्या खरोखर कामगारांच्या हट्टामुळे झाल्या, ते त्यांना समोरच मोजता येईल.